गाडीच्या कानात

चूक आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. तांड्यातल्या आठ-दहा माणसांसमोर मी माझ्या बायकोच्या नावावर एक खोटं खपवलं. खोटं एकाच वाक्याचं होतं, पण त्यानंतर धुरपता बोलायची बंद झाली. आता बायको बोलायची बंद झाली यात रडण्यासारखं काय, असं काही वाचक मनात म्हणतील. त्यांच्यासाठी ती काय बोलायची ते आधी सांगायला हवं.

रोज सकाळी मी गाडीची किल्ली फिरवण्याआधी धुरपता गाडीसमोर येऊन उभी राहायची. एक हात बॉनेटवर, दुसऱ्या हातात पाण्याची कॅन. आणि त्या दिवशी काय काय वाईट होऊ शकतं ते एका दमात म्हणून टाकायची.

“पाणी पाह्यलं का? पाणी नसलं तं चढावर इंजन तापन. धूर निघन. बाया घाबरतीन, एखांदी उडी मारन. हवा कमी असली तं टायर फुटन. पुलावर म्हशी बसल्या असतीन. समोरून कापसाचा ट्रक येइन, त्याच्या डायवरचा डोया लागला असन. अन् मांगच्या दाराची कडी निसटन, लेकरू खाली पडन. बस. बोललं का टयलं. जा आता.”

बोललं की टळलं. हा तिचा पक्का हिशेब. संकट तोंडानं बोलून टाकलं की त्याची ताकद जाते, मग ते घडत नाही. मोठं संकट शेवटी बोलायचं, कारण शेवटचं बोललेलं जास्त लक्षात राहतं. घरात आम्ही लमाणांची गोरबोली बोलतो (इथे ते बोलणं तुम्हाला कळावं म्हणून वऱ्हाडीत लिहितोय), पण यादी ती वऱ्हाडीतच म्हणायची. विचारलं तर म्हणाली, रस्त्यावरच्या म्हशींना आणि ट्रकवाल्यांना तीच कळते.

माझी काळी-पिवळी आहे, म्हणजे भाड्यानं माणसं नेणारी जीप. बोरीअरबजवळच्या आमच्या तांड्यावरून दारव्ह्याला रोज चार फेऱ्या. बी.ए. झालो, नोकरीचे अर्ज करून दमलो आणि गाडी घेतली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत माझ्या गाडीत कुणाचं बोटसुद्धा चेमटलं नाही. हे मी अभिमानानं सांगतो, आणि हेही सांगतो की त्यातला निम्मा अभिमान माझा नाही.

आता माझं ऐका. माझी आई नेमकी उलट्या मताची होती. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, हे बाळकडू तिनं मला पाजलेलं. त्यामुळे धुरपता एक संकट बोलली की तिचा जीव हलका व्हायचा, आणि तेच संकट माझ्या पोटात जाऊन बसायचं. तिकडे ती “टयलं” म्हणायची, इकडे मला वास्तूचं “तथास्तु” ऐकू यायचं. मग मी पुलापर्यंत म्हशी शोधत जायचो. एका घरात दोन भित्री माणसं, आणि एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. आमची लेक रेखा आता यवतमाळला नर्सिंग शिकते. ती म्हणते, आईला अँग्झायटी आहे. मी विचारलं, आणि मला? तर म्हणाली, “तुमालेबी तेच हाय बाबा. आई बोलून काढते, तुमी गियून बसता.”

धुरपताची ही खोड कुठून आली त्याचीही गोष्ट आहे. आम्ही लमाण. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. तिच्या माहेरी अशी कथा सांगतात की तिची खापरपणजी तांडा हलायच्या आधी पुढच्या बैलाच्या कानात रस्त्यातली सगळी संकटं सांगायची. वाघ, पूर, ठेच लागणारा दगड, भिजणारं मीठ. कानावर गेलेलं संकट बैलाला लांबून ओळखू येतं म्हणे. कथा खरी की तिच्या आजीनं रचलेली, देव जाणे. पण गाडी घरी आली त्या दिवशी नारळ फुटला, लिंबू-मिरची बांधून झाली, आणि धुरपता गाडीभोवती दोन चकरा मारून माझ्याकडे आली.

“अवो, हिचे कान कोनते?”

मी थट्टेनं आरसे दाखवले. तिनं खरंच डाव्या आरशाला तोंड लावलं आणि पाच मिनिटं कुजबुजत राहिली. सगळा तांडा पाहत होता. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती समोर उभी राहून मोठ्यानं बोलायला लागली. गाडीला ऐकू येतं की नाही कोण जाणे, डायवरला तर येतं, असं तिचं म्हणणं.

तिची भीती गाडीपुरती नव्हती. लग्नात तिच्या भावानं दिलेला कुकर आमच्या घरी तीन वर्षं खोक्यातच होता. शेवटी माझ्या आईनं हट्ट धरला तेव्हा धुरपतानं तो गॅसवर चढवला. पण पहिली शिट्टी होईपर्यंत मी, आई आणि दोन शेळ्या अंगणातल्या कडुनिंबाखाली उभे होतो. शेळ्यांना तिनं गोठ्यातून सोडून आणलं होतं. कुकर शिट्टी देऊन गप झाला. आई म्हणाली, “झालं का काही?” धुरपता म्हणाली, “मी सगळं बोलून ठेवलं होतं ना, कसं होइन?”

नव्या नवरीला भेटायला गेली की बाकीच्या बाया साडीचा पोत पाहतात. ही नवरीला बाजूला घेऊन विचारते, सासरच्या विहिरीला कठडा आहे का, नवरा झोपेत चालतो का, आणि घरात कुत्रं असलं तर त्याला सुई टोचली आहे का. नवरी घाबरते, पण पुढच्या वेळी माहेरी आली की पहिली धुरपताला भेटायला येते. कठडा नव्हता मावशी, मी बांधायला लावला, असं एकीनं येऊन सांगितलं तेव्हा धुरपता दिवसभर गुणगुणत होती.

आणि तिची ती निळी पिशवी. दाराजवळच्या खुंटीला कायम भरून टांगलेली. बॅटरी, दोरी, गूळ, साखर-मिठाच्या पुड्या, जुनं लुगडं, चपलेचा एक जादा जोड, सगळ्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सी. तिच्या माहेरी राळेगावकडे जायचं असो की बोरीच्या बाजाराला, पिशवी सोबत. कशाला हे ओझं, असं कुणी म्हणालं की तिचं ठरलेलं उत्तर, “अन् झालं तं?” या तीन शब्दांपुढे आमच्या तांड्यातला एकही शहाणा टिकलेला नाही. एकदा आमच्या गाडीत एका रिटायर्ड गुरुजींची साखर उतरली, डोळे फिरले. धुरपता त्या दिवशी योगायोगानं पुढेच बसलेली. पिशवीतला गूळ त्यांच्या तोंडात गेला आणि दारव्हा येईपर्यंत गुरुजी माझ्या ब्रेक मारण्याच्या पद्धतीवर टीका करायला लागले.

लोकांना तिची सवय झाली होती. सवय कसली, भरवसाच. दुसरी गाडी समोर रिकामी उभी असली तरी बाया माझ्या गाडीसाठी थांबायच्या. ही बोलून निघालेली गाडी आहे म्हणायच्या. तांड्यातली एक पोरगी पोलीस भरतीला निघाली, ती आदल्या दिवशी घरी येऊन बसली. “काकू, माह्यं बोलून द्या.” धुरपतानं तिचं सगळं बोलून दिलं. पाय मुरगळणं, बूट फाटणं, उंची अर्ध्या इंचानं कमी भरणं. पोरगी भरती झाली. पेढे आधी आमच्या घरी आले. मी ते पेढे सगळ्या फेऱ्यांना वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की हे कुणामुळे.

असा मी अभिमानी नवरा. आता पुढचं.

दोन वर्षांपूर्वी रेखाचा बारावीचा पहिला पेपर होता. परीक्षा दारव्ह्याला. तांड्यातल्या सहा पोरी माझ्याच गाडीत जाणार होत्या. स्वतःच्या लेकीचा पेपर, आणि सकाळी सकाळी ही उभी राहून टायर फोडणार, ट्रक आदळवणार. वास्तू ऐकणार. माझ्या डोक्यात दुसरं काही येईना.

सकाळी धुरपता नेहमीसारखी कॅन घेऊन समोर आली. तिनं बॉनेटवर हात ठेवला. मी खिडकीतून ओरडलो, “आज नोको. आज एक शब्द काढू नोको तोंडातून. पोरीचा पेपर हाय.”

तिचं तोंड उघडलेलं होतं, ते मिटलं. तिनं नुसती कॅन उचलून माझ्यापुढे धरली. मी हातानंच नको केलं आणि गाडी मागे घेऊन निघालो. एकोणीस वर्षांत तो एकच दिवस असेल, मी रेडिएटरचं टोपण न उघडता निघालो. खरं सांगायचं तर तिच्यापासून पळून निघालो.

पूल ओलांडून चढ लागला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी जागेवर उभी राहिली. पोरी रडायला लागल्या. मी रस्त्यात हात आडवे करून एक दुधाचा टेम्पो थांबवला, सहाही पोरींना कॅनच्या मधे उभं केलं आणि पाठवलं. घंटा होता होता त्या पोचल्या. पेपर सगळ्यांना देता आला. संध्याकाळी हसतच परत आल्या, अंगाला दुधाचा वास घेऊन.

पण पोरींचे आईबाप घाबरले होते, आणि ते साहजिकच होतं. नायकाच्या ओट्यावर सगळे जमले. नायक म्हणजे आमच्या तांड्याचा प्रमुख. त्यानं शांतपणे विचारलं, “परलाद, आजच कशी काय तापली बा गाडी?”

मी म्हणायला हवं होतं की पाणी पाहिलं नाही. तीन शब्द. पण सतरा वर्षांची अब्रू माझ्या जिभेवर येऊन बसली, आणि मी म्हणालो, “सकायी सकायी हिनं तोंड उघडलं. मंग दुसरं काय होइन?”

लोक हसले. मीही हसलो. मग लक्षात आलं, हंडा घेऊन धुरपता ओट्याजवळूनच चालली होती. ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी ती एक शब्द बोलली नव्हती, हे तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तिनं हंडा सावरला आणि घरी गेली.

जेवताना रेखा म्हणाली, “बाबा, आई तं आज बोललीच नाई. मी गाडीतच होती ना.” लेकीनं चोरी पकडली की बाप शरमतो म्हणतात. मी चिडलो. आणि चिडलो कुणावर, तर धुरपतावर. तिनं लेकीचे कान भरले म्हणालो. इतकाच त्रास होत असेल तर माहेरी नेऊन घालतो म्हणालो. ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पलटली आणि माझ्या ताटात वाढली. ती भाकरी मी खाल्ली, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवसापासून गाडीसमोर कुणी आलं नाही. कॅन भरून पायरीवर ठेवलेली असायची. काही विचारलं तर “हो”, काही सांगितलं तर “बरं”. पहिले आठ दिवस मला बरं वाटलं. घरात कसं शुभ शुभ वाटतंय, असं मी स्वतःला सांगितलं. पण तांड्यात माझं वाक्य फिरत राहिलं. एक बाई दवाखान्यात निघाली होती, समोर धुरपता दिसली तर ती घरात परत गेली, पाणी पिऊन पुन्हा निघाली. कालपर्यंत जिच्याकडून लोक बोलून घ्यायचे, तिला पाहून आता पदर तोंडावर घ्यायला लागले. त्यानंतर निघणाऱ्यांच्या समोर येऊ नये म्हणून, माझी पहिली फेरी निघेपर्यंत धुरपता मागच्या गल्लीनं ये-जा करायला लागली. मी हे पाहत होतो. गप होतो.

आणि माझंच बिघडायला लागलं. चालवताना तिची यादी माझ्या डोक्यात सुरू व्हायची, पण अर्धवट. म्हशी यायच्या आणि पुढचं आठवायचं नाही. राहून गेलेलं संकट कोणतं, या काळजीनं मी उतारावरसुद्धा पहिल्या गियरमध्ये चालायला लागलो. पॅसेंजर म्हणाले, आम्ही उतरून ढकलू का? शेवटी गाडीतून आवाज येतो म्हणून मी बोरीला सलीमभाईकडे गेलो. सलीमभाई आमचा मेकॅनिक, पहिल्या दिवसापासून ही गाडी त्याच्याच हाताखालची. त्यानं गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

“अवाज गाडीत नाई भाऊ, तुमच्या डोक्शात हाय.”

तो हात पुसत म्हणाला की पेपरच्या दिवशीचा पाइप त्यानंच बदलला होता. पाइप आदल्या दिवशीच चिरला असणार, टोपण उघडलं असतं तर अंगणातच कळलं असतं. मग त्यानं माझ्याकडे न पाहता विचारलं, “भाभीचं नाव कायले खराब केलं तुमी? गाडीले तोंड नाई, मनून भाभी बोलते. इतनी सी बात हाय.”

तरी मी माफी मागितली नाही. मनात रोज मागायचो. घरी गेलो की शब्द घशापर्यंत यायचे आणि जेवणासोबत खाली जायचे. रेखा म्हणते ते खरं आहे, मी गिळणाऱ्यांतला. असे पाच आठवडे गेले.

एका सकाळी अंघोळीचं पाणी तापायला वेळ होता म्हणून मी गोठ्याकडे गेलो. परत येताना गाडीच्या पलीकडून कुजबुज ऐकू आली. मी थबकलो. धुरपता डाव्या आरशाला तोंड लावून उभी होती. एका हाताचा आडोसा केलेला, लहान पोरं कानगोष्ट करतात तसा.

म्हशी झाल्या. ट्रक झाला. मागच्या दाराची कडी झाली. मला हसू आलं, इतकं बरं वाटलं की आता पुढे होऊन तिला हाक मारणार होतो. पण यादी संपली नव्हती. नेहमी कडीवर संपणारी यादी पुढे चालली होती.

“ह्यायची झोप होत नाई. चालवता चालवता ह्यायचा डोया लागला तं? पोरीसंगं बोलनं सोडलं तं?” मग ती थांबली. आरसा पदरानं पुसला. “अन् ह्यायनं मले खरंच माहेरी नेऊन घातलं तं?”

मग, “बोललं का टयलं.” आणि पुन्हा एकदा, “बोललं का टयलं.” दोनदा म्हणताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

मोठं संकट ती शेवटी बोलते, हे मी वर सांगितलंच आहे. म्हशींच्या नंतर, ट्रकच्या नंतर, पडणाऱ्या लेकराच्या नंतर माझा नंबर होता. मी गोठ्यात परत गेलो आणि शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

निघताना मी तिला म्हणालो, “चाल, आज तूबी बस गाडीत.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “बरं” म्हणाली. आत जाऊन रेखाला काहीतरी सांगितलं, खुंटीची निळी पिशवी काढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. पिशवी तर ती नेहमीच घेते, म्हणून मला काही वाटलं नाही. मी माझ्या मनात वाक्य जुळवत होतो.

नायकाच्या ओट्यासमोर पॅसेंजर उभे होते. मी गाडी थांबवली. धुरपता पिशवी छातीशी धरून समोर पाहत होती. इतक्या हळू बोलली की इंजिनाच्या आवाजात कसंबसं ऐकू आलं.

“याडीले फोन केला का? मी येऊन राह्यली मनून?”

आमच्यात आईला याडी म्हणतात.

मी इंजिन बंद केलं. खाली उतरलो आणि गाडीच्या समोर जाऊन उभा राहिलो, ती उभी राहायची तिथे. हात कुठे ठेवावा कळेना, म्हणून बॉनेटवर ठेवला. ओट्यावर नायक होता, पोरींचे बाप होते, दवाखान्यात निघताना परत फिरलेली ती बाईही होती. मी त्यांच्याकडे पाहून बोललो.

“पेपरच्या दिवशी गाडी तापली ते मी पाणी पाह्यलं नाई मनून. हिनं कॅन पुढं केली होती, मी घेतली नाई. त्या दिवशी ही एक शब्द बोलली नोती. इथं तुमच्यासमोर खोटं मी बोललो.”

मी तिच्या खिडकीशी गेलो. मध्ये तो डावा आरसा होता. जन्मात कधी अभद्र उच्चारलं नव्हतं, ते तिच्या रीतीनं, तिच्या यादीच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं उच्चारलं.

“धुरपता, तू मले सोडून गेली तं? पुना कधी बोललीच नाई तं? हे माह्यं भेव हाय, बोलून टाकलं. माह्यं चुकलं. मले माफ कर.”